उबुंटूचे स्वयंचलित अपडेट्स बंद केले तरी पुन्हा का सुरू होतात?

"अहो, कालच बंद केलं होतं की! आज परत सुरू झालंय बघा." बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ज्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांत, वाचनालयांत आणि शाळांत विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्सवरची मोफत प्रणाली चालते, तिथली ही नेहमीची तक्रार. सकाळी दुकान उघडावं, पहिलं गिऱ्हाईक उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरायला आलेलं असावं, आणि नेमकं त्याच वेळी इंटरनेट रांगायला लागावं, हार्डडिस्कचा दिवा सारखा लुकलुकावा. एखादं सॉफ्टवेअर टाकायला जावं तर "लॉक मिळाला नाही" असा संदेश यावा. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करताना पडद्यावर "अपग्रेड चालू आहे, बंद करू नका" असं येऊन थांबावं. मग कुणीतरी इंटरनेटवर पाहून एखादी आज्ञा देतो, दोन दिवस शांततेत जातात आणि पुन्हा तेच.

याचं कारण एका वाक्यात सांगता येतं. उबुंटूमध्ये अपडेट्सचं एकच बटण नाही. तीन-चार स्वतंत्र यंत्रणा आहेत, आणि बहुतेक जण त्यातली चुकीची एक बंद करतात.

पुढे जाण्याआधी एक सूचना. खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजी अक्षरांत, लहान लिपीत टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. आपल्याकडच्या कॉम्प्युटरवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन कीबोर्ड असतातच, तेव्हा आधी सुपर (विंडोजच्या खुणेची कळ) आणि स्पेस दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणा. पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही. म्हणून कीबोर्ड कन्नडवर राहिला असेल तर ते कळतही नाही, आणि पासवर्ड चुकला असं वाटून माणूस घाबरतो.

नेमकी चूक कुठे होते

अपडेट्स आपोआप बसवणाऱ्या पॅकेजचं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याचं, नाव अनअटेंडेड-अपग्रेड्स. त्याच नावाची एक सर्व्हिसही (मागे चालत राहणारा प्रोग्राम) आहे, आणि बहुतेकांनी तीच बंद केलेली असते:

सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल अनअटेंडेड-अपग्रेड्स.सर्व्हिस

हिने अपडेट्स थांबत नाहीत. या सर्व्हिसचं काम कॉम्प्युटर बंद होतानाचं आहे. अपग्रेड अर्धवट असेल तर ते पुरं होईपर्यंत ती थांबवून धरते. म्हणजे ती बंद केली की अपडेट्स चालूच राहतात, फक्त अर्ध्यात कॉम्प्युटर बंद होण्यापासून जे संरक्षण होतं ते जातं. हा उपाय ज्यांनी केला आहे त्यांनी डिसेबलच्या जागी इनेबल लिहून ती आधी पुन्हा चालू करावी.

प्रत्यक्ष काम दोन टायमर करवून घेतात. त्यांच्या नावातलं एपीटी म्हणजे उबुंटूमध्ये पॅकेजं उतरवणारं आणि बसवणारं साधन. एपीटी-डेली.टायमर पॅकेजांची यादी आणि बसवायची पॅकेजं उतरवून घेतो. एपीटी-डेली-अपग्रेड.टायमर ती बसवतो. ते पुढे कधी चालणार हे असं पाहता येतं:

सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स

दुसरी नेहमीची गफलत म्हणजे डिसेबलऐवजी स्टॉप वापरणं. स्टॉपने टायमर फक्त त्या वेळेपुरता थांबतो. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू केला की तो हजर. "काल बंद केलं होतं" म्हणणाऱ्यांचं खरंच असतं, त्यांनी बंद केलेलंच असतं, पण ते रात्रीपुरतं.

दुकान उघडतानाच का?

हे समजून घेणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण उपाय यातच आहे.

अपग्रेडच्या टायमरची मूळ वेळ सकाळी ६ ची. त्यात तासाभरापर्यंतचा कमीजास्त होणारा विलंब असतो. डाउनलोडच्या टायमरच्या वेळा सकाळी ६ आणि संध्याकाळी ६, आणि त्यात तब्बल १२ तासांपर्यंतचा विलंब. जगभरातले कॉम्प्युटर एकाच मिनिटाला सर्व्हरवर तुटून पडू नयेत म्हणून ही सोय आहे. चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरला हे वेळापत्रक उत्तम. पण खडेबाजारातलं किंवा खानापूरच्या स्टेशन रोडवरचं दुकान सकाळी ६ ला उघडं नसतं. या टायमरमध्ये परसिस्टंट नावाची खूण चालू असते. तिचा अर्थ, ठरलेल्या वेळी कॉम्प्युटर बंद असेल तर चुकलेलं काम पुढच्या वेळी सुरू होताच करून टाक. म्हणून तुम्ही साडेनऊला कॉम्प्युटर चालू करता आणि तासाभरात कधीतरी अपग्रेड सुरू होतं. रोज वेगळ्या मिनिटाला होतं म्हणून ते लहरी वाटतं. तसं ते नाही, नियमानेच चालतं, फक्त नियम आपल्या दुकानाच्या वेळेशी जुळत नाही.

तेव्हा माझं ठाम मत असं की अपडेट्स बंद करू नका, त्यांची वेळ बदला. दुकानाचा कॉम्प्युटर एकट्या मालकाचा नसतो. गिऱ्हाइकाचं आधार कार्ड त्यावर स्कॅन होतं, नाडकचेरीचे (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीचे) अर्ज भरले जातात, उतारे काढले जातात, कुणाच्या तरी बँकेचं पासबुक त्यावर उघडतं. कन्नड वाचता न येणारी म्हातारी माणसं आपले सगळे कागद विश्वासाने त्या टेबलावर ठेवून जातात. सुरक्षेचे अपडेट्स न घेतलेला कॉम्प्युटर त्या विश्वासाला पात्र नाही. आणि उबुंटूचं अनअटेंडेड-अपग्रेड्स मुळात बहुतांशी सुरक्षेचेच अपडेट्स बसवतं, बाकीचे नाही. मनाने रीस्टार्टही करत नाही. ती सोय मुळात बंदच असते.

वेळ आपल्या सोयीची करणं

समजा दुपारी दीड ते अडीच जेवणाची सुट्टी असते आणि कॉम्प्युटर चालूच राहतो. मग डाउनलोड दीडला आणि बसवणं दोनला ठेवू. आधी:

सुडो सिस्टमसीटीएल एडिट एपीटी-डेली-अपग्रेड.टायमर

नॅनो नावाचा संपादक उघडेल. त्यात वरती आणि खाली जाळीच्या चिन्हाने (#) सुरू होणाऱ्या टिपा दिसतील. तुमचा मजकूर त्या दोन टिपांच्या मधल्या रिकाम्या जागेतच लिहायचा. खाली लिहिलेलं सगळं जतन करताना टाकून दिलं जातं, आणि "मी लिहिलं होतं पण बदललंच नाही" या तक्रारीचं मूळ बहुतेकदा हेच असतं. मधल्या जागेत या पाच ओळी:

[टायमर]
ऑनकॅलेंडर=
ऑनकॅलेंडर=१४:००
रँडमाइज्डडिलेसेक=५एम
परसिस्टंट=फॉल्स

इथे मोठ्या अक्षरांकडे लक्ष द्या. टायमरचा टी, ऑनचा ओ, कॅलेंडरचा सी, रँडमाइज्डचा आर, डिलेचा डी, सेकचा एस आणि परसिस्टंटचा पी मोठे. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. फॉल्स लहान अक्षरांत, आकडे इंग्रजी.

दुसरी ओळ रिकामी का, असं वाटेल. ती रिकामी ओळ जुनी वेळ पुसते. ती नाही लिहिली तर सकाळी ६ ची वेळही राहते आणि दुपारची नवी वेळही जोडली जाते, म्हणजे त्रास दुप्पट. शेवटच्या ओळीने चुकलेलं काम सकाळी उकरून काढणं थांबतं. त्याची किंमत एवढीच की दुपारी दोनला कॉम्प्युटर बंद असेल तर त्या दिवशीचे अपडेट्स राहतात, दुसऱ्या दिवशी बसतात. दुकानाला हे चालण्यासारखं आहे. पण ज्या वाचनालयाचा कॉम्प्युटर फक्त संध्याकाळी दोन तास चालतो तिथे वेळ संध्याकाळची द्या, नाहीतर अपडेट्स कधीच बसणार नाहीत.

कंट्रोल आणि ओ दाबून एंटर, मग कंट्रोल आणि एक्स. हीच कृती एपीटी-डेली.टायमर साठी करा, फक्त वेळ १३:३० द्या. मग दोन्ही टायमर रीस्टार्ट करा:

सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एपीटी-डेली.टायमर एपीटी-डेली-अपग्रेड.टायमर

आणि लिस्ट-टायमर्स पुन्हा पाहा. पुढची वेळ दुपारची दिसली म्हणजे झालं. हा बदल वेगळ्या फाइलमध्ये राहतो, त्यामुळे पुढे एपीटीचा स्वतःचा अपडेट आला तरी तो पुसला जात नाही.

पडद्यावरून चालू-बंद करणं

टर्मिनल नको असेल तर "सॉफ्टवेअर अँड अपडेट्स" उघडा आणि "अपडेट्स" या टॅबवर जा. आपोआप तपासणी रोज, दोन दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने की कधीच नाही, हे तिथे निवडता येतं. त्याखाली सुरक्षेच्या अपडेट्सचं काय करायचं याचे तीन पर्याय असतात: लगेच दाखवा, उतरवून ठेवा, किंवा उतरवून बसवा. "उतरवून बसवा" म्हणजे पूर्ण स्वयंचलित. "लगेच दाखवा" म्हणजे तुम्ही हो म्हणेपर्यंत काही बसणार नाही. याच टॅबवर उबुंटूच्या नव्या आवृत्तीची सूचना द्यायची का, हेही असतं. दुकानात ती "कधीच नाही" वर ठेवा. काम करणाऱ्या पोराने घाईत "हो" दाबलं आणि भर दुपारी सगळी आवृत्तीच बदलायला लागली तर तो दिवस गेला.

टर्मिनलमधून हाच चालू-बंद प्रश्न असा विचारला जातो:

सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर अनअटेंडेड-अपग्रेड्स

"येस" म्हटलं की चालू, "नो" म्हटलं की बंद. उत्तर /ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी/ या फोल्डरमधल्या २०ऑटो-अपग्रेड्स या फाइलमध्ये जातं. तिथल्या ओळींत १ असेल तर रोज, ७ असेल तर आठवड्याला, ० असेल तर बंद.

इथेही एक खाचखळगा आहे. त्याच फोल्डरमध्ये १०पिरिऑडिक नावाची फाइल असू शकते. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि शेवटी वाचलेलं खरं धरलं जातं. म्हणजे १० मध्ये ० लिहिलं आणि २० मध्ये १ राहिलं तर अपडेट्स चालूच. खरी स्थिती काय आहे ते "एपीटी-कॉन्फिग डंप" या आज्ञेने पाहा. बरीच लांब यादी येते, तिच्यातल्या पिरिऑडिक शब्द असलेल्या ओळी तेवढ्या वाचा.

लिनक्स मिंट, म्हणजे उबुंटूवरच बेतलेली दुसरी प्रणाली, वापरणाऱ्यांचं काम सोपं. अपडेट मॅनेजर उघडा, एडिट मेनूत प्रेफरन्सेस, आणि ऑटोमेशनचा टॅब. तिथे आपोआप बसवण्याचा खटका आहे आणि तो मुळात बंद असतो. फ्लॅटपॅकचा (सॉफ्टवेअर बसवायच्या आणखी एका पद्धतीचा) खटका वेगळा आहे, तोही पाहून घ्या.

सगळं बंद करूनही डेटा संपतो: स्नॅप

वरचं सगळं करूनही डाउनलोड होतंच असेल तर ते स्नॅप आहे, म्हणजे उबुंटूची सॉफ्टवेअर बसवायची दुसरी, वेगळी पद्धत. उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपच्या रूपातच येतो. स्नॅपला एपीटीचे नियम लागू नाहीत, तो दिवसातून चार वेळा स्वतःच तपासतो. पुढची वेळ पाहायला:

स्नॅप रिफ्रेश --टाइम

वेळ ठरवून द्यायला:

सुडो स्नॅप सेट सिस्टम रिफ्रेश.टायमर=१३:३०-१४:३०

काही दिवसच थांबवायचं असेल, उदाहरणार्थ परीक्षेचे फॉर्म भरायच्या दिवसांत:

सुडो स्नॅप रिफ्रेश --होल्ड=४८एच

इथे एच म्हणजे तास. आकडा न देता नुसतं --होल्ड दिलं तर थांबणं बेमुदत होतं आणि --अनहोल्ड देईपर्यंत तसंच राहतं. ब्राउझर बेमुदत थांबवू नका. बाहेरच्या जगाशी सगळ्यात जास्त संबंध त्याचाच येतो. "फायरफॉक्सचा अपडेट बाकी आहे, बंद करा" अशी सूचना आली तर जेवायला जाताना ब्राउझर बंद करून जा, एवढ्याने काम होतं.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवत असाल तर

जांबोटी, कणकुंबीकडच्या गावांत पावसाळ्यात तारेचं इंटरनेट सारखं तुटतं आणि मग सगळं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर येतं. दिवसाचा डेटा मर्यादित, आणि तोच अपडेट्स खाऊन टाकतात. सेटिंग्जमध्ये वायफाय उघडा, जोडलेल्या नेटवर्कच्या पुढच्या दातेरी चाकावर क्लिक करा आणि "मीटर्ड कनेक्शन" (मर्यादित डेटाची जोडणी) चालू करा. मग अनअटेंडेड-अपग्रेड्स त्या जोडणीवर काम करत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट उबुंटू आपणहून मीटर्ड ओळखतं, पण त्यावर विसंबू नका, हाताने खूण करा. स्नॅपला मात्र हे वेगळं सांगावं लागतं:

सुडो स्नॅप सेट सिस्टम रिफ्रेश.मीटर्ड=होल्ड

मीटर्डची खूण त्या त्या नेटवर्कपुरती असते. दुसऱ्याच्या फोनचा हॉटस्पॉट घेतलात तर तिथे पुन्हा करावी लागेल.

"लॉक मिळाला नाही" असं आल्यावर

संदेशात अनअटेंडेड-अपग्रे असं तुटलेलं नाव आणि एक प्रक्रिया क्रमांक दिसतो. म्हणजे मागे अपग्रेड चालू आहे. थांबा. चहा घेऊन या. नव्या आवृत्त्यांत एपीटी स्वतःच वाट पाहतो आणि लॉक सुटला की पुढे जातो. इंटरनेटवर लॉकची फाइल पुसून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. तो अजिबात पाळू नका. लॉक म्हणजे पॅकेजांची नोंदवही कुणाच्या तरी हातात उघडी आहे याची खूण. ती फाइल पुसली की दोघे एकाच वेळी वहीत लिहायला लागतात आणि वही बिघडते. काय चाललं आहे ते पाहायचं असेल तर /व्हार/लॉग/अनअटेंडेड-अपग्रेड्स/ या फोल्डरमधली नोंद उघडा. कोणतं पॅकेज कधी बसलं ते तारखेसह लिहिलेलं असतं.

अपडेट चालू असताना वीज गेली

सह्याद्रीच्या कडेच्या गावांत जून ते सप्टेंबर हा प्रश्न खराच आहे. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर वरचे दोन्ही टायमर काम सुरू करत नाहीत, ते मुख्य वीज आहे का पाहतात. पण इन्व्हर्टरवरच्या डेस्कटॉपला वीज गेल्याचं कळतच नाही. त्याच्या दृष्टीने पुरवठा चालूच असतो. इन्व्हर्टर संपेपर्यंत तो अपग्रेड करत राहतो आणि मग मधेच विझतो. दुपारची वेळ ठरवण्याचा हाही फायदा, त्या अर्ध्या तासात वीज आहे की नाही हे माणूस बघू शकतो.

मधेच विझला असेल तर पुढच्या वेळी एपीटी सांगतो की डीपीकेजी, म्हणजे पॅकेजं प्रत्यक्ष बसवणारं साधन, अर्धवट राहिलं आहे. घाबरू नका, पुन्हा इन्स्टॉलेशन करायला कुणाला बोलावू नका. या दोन आज्ञा, याच क्रमाने:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

बहुतेक वेळा एवढ्याने सगळं जागेवर येतं. बूटच्या भागात जागा नाही अशी तक्रार आली तर "सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह" ने जुने कर्नल (प्रणालीच्या गाभ्याच्या जुन्या प्रती) निघून जातात.

खरंच बंद करायची वेळ आली तर

असे प्रसंग असतात. शाळेत ऑनलाइन परीक्षेचा आठवडा, किंवा लग्नसराईत पत्रिका छापणारा प्रिंटर एका ठरावीक ड्रायव्हरवरच नीट चालतो आणि नव्या ड्रायव्हरवर रंग बिघडतात. प्रिंटरच्या बाबतीत सगळे अपडेट्स बंद करण्याचं कारण नाही, तेवढं एक पॅकेज थांबवा:

सुडो एपीटी-मार्क होल्ड, आणि पुढे पॅकेजचं नाव

अनअटेंडेड-अपग्रेड्स हे पाळतं. काय काय थांबवलं आहे ते "एपीटी-मार्क शोहोल्ड" ने दिसतं, आणि सोडायला अनहोल्ड. प्रिंटरवरच एक चिठ्ठी चिकटवून तारीख लिहा, कारण सहा महिन्यांनी हे कुणाच्याही लक्षात राहत नाही आणि मग दुसराच कुणीतरी तासन्‌तास कारण शोधत बसतो.

आठवड्यापुरतं सगळं थांबवायचं असेल तर:

सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ एपीटी-डेली.टायमर एपीटी-डेली-अपग्रेड.टायमर

--नाऊ लिहिल्याने आत्ताचंही थांबतं आणि पुढच्या बूटनंतरचंही. शिवाय स्नॅपचं होल्ड. परीक्षा संपली की याच ओळीत डिसेबलच्या जागी इनेबल लिहून चालू करा आणि लगेच "सुडो एपीटी अपडेट", मग "सुडो एपीटी अपग्रेड" हाताने चालवून मागचं सगळं भरून काढा.

आणि अपडेट्स चालू असूनही महिनोन्‌महिने काहीच येत नसेल तर आवृत्ती तपासा. उबुंटू २०.०४ चा नेहमीचा आधार २०२५ मध्ये संपला. आपल्या भागातल्या बऱ्याच जुन्या मशिनींवर अजून तीच आहे. तिथे खटका चालू असला तरी सुरक्षेचे नवे अपडेट्स येत नाहीत. उबुंटू प्रोची नोंदणी वैयक्तिक वापरासाठी पाच मशिनींपर्यंत मोफत आहे, आणि ती केली तर ते पुन्हा यायला लागतात. दुकानाच्या मशिनला मात्र सरळ २४.०४ वर न्यावं, तिचा आधार २०२९ पर्यंत आहे. २०.०४ वरून थेट उडी मारता येत नाही, आधी २२.०४ आणि मग २४.०४ असं टप्प्याने जावं लागतं. सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून, सुट्टीच्या दिवशी, वीज आणि तारेचं इंटरनेट दोन्ही असतानाच ते काम हाती घ्या.